तीन शिट्ट्यांचा हिशोब

आमच्या घरात रोज सकाळी साडेआठच्या सुमारास एक प्रश्न विचारला जातो, "किती झाल्या?" कशाच्या किती, हे सांगावं लागत नाही. आतल्या खोलीतून बायको म्हणते, "दोन." मोरीतून मुलगी ओरडते, "तीन!" त्या तिसरीत शेजारच्यांची एक मिसळली असावी असं माझं मत असतं, पण ते कुणी विचारात घेत नाही. शेवटी बायकोच येऊन गॅस बंद करते, आणि भात व्हायला हवा तसाच झालेला असतो.

मी व्यवसायाने संशोधक आहे. आमच्या प्रयोगशाळेत काचसामान आणि जिवाणू वाढवायची माध्यमं निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह वापरतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे खरं तर एक मोठा प्रेशर कुकरच. फरक एवढाच की त्याला दाब दाखवणारा काटा असतो, तापमापक असतो, घड्याळ असतं. १२१ अंश सेल्सिअस, १५ मिनिटं, असा तिथला नेम. दिवसभर अशा यंत्राच्या सहवासात राहिलेल्या माणसाला घरी आल्यावर 'शिट्टी' हे एकक मान्य करणं जड जातं. शिट्टी कशाचं एकक? दाबाचं, तापमानाचं की वेळेचं? हा प्रश्न मी घरात अनेकदा मांडला आहे. त्यावर "कोशिंबिरीसाठी काकडी चोचवून दे" यापलीकडे उत्तर मिळालेलं नाही.

त्यातून मला उपकरणांचा नाद. आमचा माळा म्हणजे माझ्या उत्साहाचं संग्रहालय आहे. त्यात एका वेळी सात अंडी उकडणारं यंत्र आहे. घरात माणसं चार, आणि त्यातली आई अंडी खात नाही. पोळ्या करणारं विजेचं यंत्र आहे. त्याच्या पोळ्यांना मुलीने 'भारताचे नकाशे' असं नाव दिलं होतं. आणि एक कोरा करकरीत इलेक्ट्रॉनिक कुकर आहे. पाच वर्षांपूर्वी तो मी मोठ्या हौसेने आणला. आत सूक्ष्मनियंत्रक, वर आकडे, शिट्टीचा पत्ता नाही. आईने त्याच्यासमोर खुर्ची घेऊन अर्धा तास वाट पाहिली आणि निकाल दिला, "हा बोलत नाही. आत शिजतंय की झोपलंय, कसं कळायचं?" आठवड्याभरात तोही माळ्यावर गेला.

श्रावणातली दुपार

आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. १९७३ साली नोकरी लागली, आणि पहिल्या तीन पगारांतून पैसे बाजूला टाकून तिने जी वस्तू घेतली ती प्रेशर कुकर. "कुकर नसता तर मी साडेदहाची शाळा गाठली नसती," असं ती आजही सांगते. तूरडाळ शेगडीवर तासभर रटरटत ठेवायची आणि पहिल्या घंटेला वर्गातही उभं राहायचं, हे दोन्ही जमणारं नव्हतं. तिच्यासारख्या किती बाईंची नोकरी त्या भांड्याने सांभाळली असेल, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही.

गेल्या काही वर्षांत तिला कमी ऐकू येतं. गेल्या श्रावणात एका दुपारी आम्ही सगळे बाहेर होतो. तिने कुकर लावला आणि पुढच्या खोलीत वाटाणे सोलत बसली. शिट्ट्या झाल्या, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्या ऐकल्या, पण आईला ऐकू आल्या नाहीत. तळातलं पाणी आटलं, आणि अखेर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला. डाळीचा कोळसा झाला. सुदैवाने इजा कुणालाच झाली नाही.

संध्याकाळी घरात जे बोलणं व्हायचं ते झालं. "आता तुम्ही गॅसजवळ जाऊ नका," असं बायको काळजीने म्हणाली. मीही मान हलवली. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठला ती पुढच्या खोलीत मांडीवर हात ठेवून नुसती बसून होती. पन्नास वर्षांत त्या वेळी तिला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी जाहीर केलं, "शिट्ट्या मोजणारं यंत्र करतो. तीन झाल्या की लाल दिवा लागेल." घरात कुणी हरकत घेतली नाही, माळ्यावर अजून जागा होती. पण कामाला लागण्याआधी, या विषयात पूर्वी कुणी काय करून ठेवलंय ते बघावं, या संशोधकी सवयीने मी वाचायला बसलो आणि थेट सतराव्या शतकात जाऊन पोचलो.

हाडं पचवणारं भांडं

देनी पापँ हा फ्रेंच माणूस. आपल्याकडच्या पुस्तकांत त्याचं नाव 'डेनिस पापिन' असं छापलेलं दिसतं. जन्म १६४७ चा. शिक्षण वैद्यकाचं, पण ओढा यंत्रांकडे. पॅरिसमध्ये तो लंबकाच्या घड्याळाचा जनक ख्रिस्तियान हायगेन्स याच्या हाताखाली हवेच्या पंपावर प्रयोग करत होता. १६७५ मध्ये तो लंडनला गेला आणि रॉबर्ट बॉइलचा साहाय्यक झाला. हा तोच बॉइल, ज्याचा नियम आपण नववी-दहावीनंतर कधीतरी शिकवतो.

पंपाने हवा काढून घेतली की कोमट पाणीही उकळू लागतं, हे त्या काळच्या प्रयोगकर्त्यांना ठाऊक झालं होतं. पापँचं भांडं ही त्याच गोष्टीची उलटी बाजू. दाब कमी केल्यावर पाणी लवकर उकळत असेल, तर दाब वाढवल्यावर ते उशिरा उकळेल आणि तोवर जास्त तापेल. त्याने जाड धातूचं भांडं केलं, वर स्क्रूने आवळून बसवायचं झाकण केलं आणि १६७९ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं. नाव दिलं 'डायजेस्टर', म्हणजे पाचक. पचवायची होती हाडं. खाटकाकडे टाकून दिली जाणारी हाडं मऊ करून त्यांतलं सत्त्व गरिबांच्या पोटात जावं, असा त्याचा हेतू होता. १६८१ मध्ये त्याने या भांड्यावर एक पुस्तकच लिहिलं.

बंद भांड्यात वाफ कोंडली की ते फुटायची भीती आलीच. त्यावर पापँने काढलेला तोडगा हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. झाकणाला एक बारीक भोक, त्यावर एक झडप, आणि झडपेवर दाब देणारी एक आडवी दांडी. दांडीच्या टोकाला वजन टांगलेलं. आतला दाब वजनाला भारी पडला की झडप उचलली जाणार आणि जादा वाफ निघून जाणार. वजन दांडीवर पुढे-मागे सरकवून किती दाब राहू द्यायचा ते ठरवता येई. बाजारात पूर्वी दांडीवर वजन सरकवून तोलायचा काटा असे, तसंच तत्त्व. आज आपल्या कुकरवर बसलेली शिट्टी ही या झडपेची पणती. दांडी गेली, वजन थेट भोकावर येऊन बसलं, एवढाच फरक.

थेंब आणि लंबक

आता पापँपुढची खरी अडचण बघा. भांडं बंद. आत काय चाललंय ते दिसत नाही. मटण किती वेळ ठेवायचं, मासा किती वेळ ठेवायचा, हे कसं ठरवायचं? तापमापक घालावा म्हटलं तर सगळीकडे सारखे आकडे दाखवणारा तापमापकच तेव्हा नव्हता. फॅरनहाइटचं मापन १७२४ चं, सेल्सिअसचं १७४२ चं.

पापँने केलं ते इतकं साधं आहे की मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. त्याने झाकणावर एक छोटासा खळगा ठेवला होता. त्यात तो पाण्याचा एक थेंब सोडायचा. शेजारी सुमारे तीन फुटांच्या दोऱ्याला टांगलेलं वजन. एवढ्या लांबीचा लंबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला जवळजवळ एक सेकंद घेतो. थेंब पूर्ण उडून जाईपर्यंत लंबकाचे किती झोके होतात, ते तो मोजायचा. झोके कमी म्हणजे झाकण जास्त तापलेलं. कोणतं मांस किती कोळशावर आणि किती झोक्यांच्या उष्णतेला ठेवलं की कसं शिजतं, याच्या नोंदी त्याने करून ठेवल्या.

म्हणजे जगातल्या पहिल्या प्रेशर कुकरची पाककृतीही शिट्ट्यांसारखीच कशाच्या तरी मोजणीने लिहिलेली होती! डोळ्याला दिसेल आणि तोंडाने मोजता येईल असं काहीतरी त्याला हवं होतं, आणि ते त्याने हाताशी असलेल्या वस्तूंतून उभं केलं.

मेजवानी, आणि एक पेला जेली

या भांड्यात शिजवलेल्या एका मेजवानीचं वर्णन जॉन एव्हलिन या इंग्रज गृहस्थाच्या दैनंदिनीत आहे. तारीख १२ एप्रिल १६८२. रॉयल सोसायटीचे सभासद जेवायला जमले होते. गाई-बैलांची आणि मेंढ्यांची हाडं पनीरसारखी मऊ झाली होती, मासे काट्यांसकट खाता येत होते, आणि कबुतरं आपल्याच रसात शिजली होती; ती एव्हलिनला सर्वांत आवडली. या सगळ्याला लागलेला कोळसा पाव किलोहून कमी. विद्वानांच्या पंगतीत बरीच हशाखुशालीही झाली, असं तो नोंदवतो.

पण मला सर्वांत गंमत वाटली ती पुढच्या एका तपशिलाची. हाडांपासून झालेल्या जेलीचा एक पेला एव्हलिनने घरी बायकोसाठी पाठवला. आणि वर शेरा असा, की घरच्या बायका सांबरशिंगापासून जी उत्तमातली उत्तम जेली करतात ती हिच्यापुढे फिकी पडेल. हे वाचून बाईसाहेब काय म्हणाल्या, ते दैनंदिनीत नाही. अंडी उकडायचं यंत्र घेऊन मी घरात शिरलो तेव्हाचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मला थोडाफार अंदाज करता येतो. नवं यंत्र घरात आणायचं आणि वर "तुमच्यापेक्षा हे बरं करतं" असंही ऐकवायचं, हा उपकरणवेड्यांचा दोष साडेतीनशे वर्षं जुना आहे.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. मेजवानी छान झाली, हसणं-खिदळणं झालं, पण पापँचं भांडं तेव्हा घरोघरी गेलं नाही. जड धातूचं भांडं, स्क्रू आवळायचे, वजनं सरकवायची, थेंब टाकून झोके मोजायचे. हे सगळं प्रयोगशाळेतल्या माणसाला जमणारं होतं. मूल कडेवर घेऊन चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईला जमणारं नव्हतं.

भांड्याची पिल्लं

स्वयंपाकघरात रुजलं नाही, तरी ते भांडं वाया गेलं नाही. वाफ वजन उचलते, हे पापँ रोज पाहत होता. १६९० मध्ये त्याने एक नळकांडं आणि त्यात सरकणारा दट्ट्या अशी रचना प्रसिद्ध केली. तळाशी थोडं पाणी. तापवलं की वाफ दट्ट्या वर ढकलते, गार केलं की वाफेचं पाणी होऊन आत पोकळी पडते आणि बाहेरची हवा दट्ट्या खाली दाबते. दट्ट्याच्या वाफेच्या इंजिनाची ही सुरुवात.

जेम्स वॉटची आणि किटलीच्या झाकणाची गोष्ट आपण सगळ्यांनीच वर्गात सांगितलेली असते. ती खरी की खोटी, या वादात पडायला नको. पण वॉटने स्वतः लिहून ठेवलेली गोष्ट जास्त चांगली आहे. १७६१ किंवा १७६२ च्या सुमारास त्याने वाफेच्या बळावर काही प्रयोग केले, ते पापँच्या डायजेस्टरवर एक पिचकारी बसवून. किटलीऐवजी मुलांना कुकर दाखवून ही गोष्ट सांगितली, तर ती खरीही होईल आणि ओळखीचीही वाटेल.

१८७९ मध्ये, म्हणजे बरोबर दोनशे वर्षांनी, पाश्चरचा सहकारी शार्ल शांबेरलाँ याने त्याच तत्त्वावर ऑटोक्लेव्ह बनवला. उकळत्या पाण्यालाही दाद न देणारे काही जिवाणूंचे बीजाणू १२० अंशांच्या वाफेत मरतात. शस्त्रक्रियेची हत्यारं आणि मलमपट्ट्या निर्जंतुक करायला त्याने केवढा आधार दिला, ते वेगळं सांगायला नको.

पापँच्या वाट्याला मात्र यातलं काही आलं नाही. तो प्रॉटेस्टंट होता. १६८५ मध्ये फ्रान्सने प्रॉटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि त्याची मायदेशाची वाट बंद झाली. जर्मनीत त्याने प्राध्यापकी केली. १७०७ मध्ये चाकाच्या वल्ह्यांची स्वतः बनवलेली नाव घेऊन तो कासेलहून फुल्डा नदीतून निघाला, तर पुढच्या गावच्या नावाड्यांच्या संघाने आपला हक्क डावलला म्हणून ती नाव मोडून टाकली. तो लंडनला परतला. जुने आश्रयदाते गेलेले होते, मदतीच्या विनंत्यांना फारसं फळ आलं नाही. त्याचं शेवटचं उपलब्ध पत्र जानेवारी १७१२ चं आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये न्यूकॉमेनचं दट्ट्याचं इंजिन खाणीतलं पाणी उपसू लागलं. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या एका चर्चच्या दफनांच्या नोंदवहीत त्याचं नाव दिसतं.

आपल्या ओट्यावर

भांडं स्वयंपाकघरात शिरायला विसावं शतक उजाडलं. हलकं ॲल्युमिनियम, रबराची रिंग आणि एका फिरकीत बसणारं झाकण आलं, तेव्हा १९३८-३९ च्या सुमारास अमेरिकेत घरगुती प्रेशर कुकर विकले जाऊ लागले. आपल्याकडे त्याआधी वाफेवर शिजवायचा एक देशी प्रयत्न झाला होता. वकिली आणि वैद्यक दोन्ही शिकलेल्या कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये 'इकमिक कुकर' काढला. एका उभ्या नळकांड्यात एकावर एक डबे, तळाशी निखारे. डबे भरून ठेवायचे आणि कामाला निघून जायचं. परत येईपर्यंत जेवण तयार. त्यात कोंडलेला दाब नव्हता, घाईही नव्हती. पण भात, डाळ आणि भाजी एकाच आचेवर, एकावर एक, ही कल्पना त्यात होती. आपल्या कुकरमध्ये वरणाच्या डब्यावर भाताचा डबा चढतो तो काही पाश्चात्त्य पद्धतीचा नव्हे.

१९५९ मध्ये ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे दोन्ही कुकर सुरू झाले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मध्यमवर्गीय घरांत कुकर हा मुलीच्या संसाराच्या यादीतला एक आकडा झाला. आणि या काळात घराघरांतून एक बदल आपोआप घडला. कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत मिनिटं लिहिलेली असायची. स्वयंपाकघरात शिट्ट्या मोजल्या जाऊ लागल्या. घड्याळ बाहेरच्या खोलीत भिंतीवर. बाई कणीक भिजवतेय, मुलाची वेणी घालतेय, शाळेच्या वह्या तपासतेय. डोळे आणि हात गुंतलेले, मोकळे फक्त कान. तेव्हा मोजायला जे कानावर पडत होतं, तेच एकक झालं. पापँचा थेंब आणि लंबक आपल्याकडे शिट्टी होऊन आला.

शिट्टी काय मोजते?

आता माझा जुना प्रश्न. हा भाग वर्गात करून बघण्यासारखा आहे. थंड, रिकाम्या कुकरची शिट्टी काढून शाळेच्या काट्यावर तोला. झाकणाच्या नळीचं भोक व्हर्नियरने मोजा. समजा भोकाचा व्यास ३ मिलिमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर. त्यावर ७० ग्रॅम वजन ठेवलं, तर ते उचलायला दर चौरस सेंटिमीटरला एक किलो एवढा जादा दाब लागेल. बाहेरच्या हवेचा दाब साधारण तेवढाच. म्हणजे आत एकूण दाब दुप्पट, आणि दुप्पट दाबाला पाणी उकळतं सुमारे १२० अंशांना. तळहातावर मावणारा एक धातूचा तुकडा तापमान ठरवतो, हे आकड्यांनी सिद्ध झालं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दुसऱ्या कुकरची शिट्टी आपल्या कुकरवर का चढवू नये आणि शिट्टीवर आणखी वजन का ठेवू नये, हेही त्यांना निराळं सांगावं लागत नाही.

पहिली शिट्टी झाली म्हणजे आतलं तापमान ठरलेल्या जागी पोचलं. त्यानंतर आच कितीही मोठी ठेवा, ते आणखी वाढत नाही. फक्त वाफ जास्त बाहेर जाते. दर ग्रॅम वाफेमागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता हवेत. एक ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. ९८ ते १०० अंशांच्या जागी १२० अंश मिळाले की शिजायला चौथा हिस्सा वेळ पुरतो. पण वेळ लागतोच, आणि ती वेळ शिट्टी मोजत नाही. मी आमच्याच कुकरवर पाहिलं. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत उरकल्या. बारीक आचेवर त्याच तीन शिट्ट्यांना वीस मिनिटं लागली. मग रोजचा भात नेमका कसा होतो? कारण रोजची शेगडी तीच, आच तीच, भांडं तेच, पाणी तेवढंच. शिट्टी हे त्या घरापुरतं, त्या ओट्यापुरतं खरं एकक आहे. ते दुसऱ्याच्या घरी नेलं की भाताची खीर होते.

आईचा कुकर त्या दुपारी फुटला का नाही, तेही इथेच कळतं. पाणी आटल्यावर वाफ होणं थांबलं आणि दाब वाढायचं कारण उरलं नाही. पण तापमानाला धरून ठेवणारं पाणीच नसल्याने ते वाढत गेलं. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. तो वितळला आणि वाट मोकळी झाली. थोडक्यात, व्हॉल्व्ह बिघडला नव्हता. त्याने आपलं काम चोख केलं होतं. नवा बसवला की कुकर पूर्ववत.

यंत्र, आणि आई

माझं शिट्ट्या मोजणारं यंत्र तीन रविवारांत तयार झालं. मायक्रोफोन, एक छोटा संगणक-चिप, लाल दिवा. पहिल्या दिवशी त्याने मिक्सरला शिट्टी मानलं. दुसऱ्या दिवशी खालच्या काकूंच्या दोन शिट्ट्या आमच्या खात्यात जमा केल्या. तिसऱ्या दिवशी दिवा लागला तेव्हा कुकर अजून लावायचाच होता.

आई हे सगळं बघत होती. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अरे, तू मला एक सांग. पहिली शिट्टी झाल्यावर आत काय वाढतं?"

"काही नाही. फक्त वेळ जायला हवा."

"मग बाकीच्या शिट्ट्या ऐकायच्या कशाला? पहिली तर दिसते मला. उचलली जाते, वाफ येते. तिथे गॅस बारीक करायचा आणि किती वेळ थांबायचं तेवढं सांग."

"आठ मिनिटं."

"एक रामरक्षा," आई म्हणाली.

मी तीन दिवस स्टॉपवॉच लावून बघितलं. तिन्ही दिवसांच्या वेळांत पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फरक नव्हता. माझ्या यंत्राला ते कधी जमलं नसतं. आता आई कुकर लावते आणि ओट्याशेजारी स्टूल घेऊन भाजी निवडत बसते. वाफ दिसली, शिट्टी उचलली की आच बारीक करते, रामरक्षा म्हणते आणि गॅस बंद करते. ती उठून बाहेर जात नाही, कारण आता तिला मागून कुणी आवाज देण्याची वाट बघायची नसते. बायकोनेही एक दिवस शेजारी उभं राहून सगळं पाहिलं आणि नंतर काही बोलली नाही.

वर्गात वाफेचा धडा आला की वॉट, किटली आणि इंजिन यांच्यापर्यंत आपण पोचतो. थोडं थांबून मुलांना एवढंच विचारून बघा, "तुमच्या घरी डाळीला किती शिट्ट्या देतात, आणि ते कुणी ठरवलं?" उत्तरं वेगवेगळी येतील, कारण प्रत्येक घरातल्या कुणीतरी भात कच्चा राहून, डाळ करपून, आपल्या ओट्याचं एकक शोधून काढलेलं असतं. त्यांची नावं कुठल्या नोंदवहीत नाहीत. पापँने झाकणावर थेंब टाकून जे केलं तेच त्यांनी केलं आहे.

माझं यंत्र माळ्यावर गेलं नाही, हेही सांगायला हवं. मायक्रोफोन काढून त्याला दाराच्या घंटेची तार जोडली. कुणी आलं की स्वयंपाकघरात लाल दिवा लागतो आणि आईला कळतं. फक्त रामरक्षा चालू असेल, तर दार उघडायला थोडा वेळ लागतो.